मरे नदीवरची डबल बेल

एप्रिलचा पहिला रविवार आला की इथे घड्याळं एक तास मागे करतात. आमच्या घरात हे काम नातीकडे आहे. ती खुर्चीवर चढून भिंतीवरचं करते, मग गाडीतलं करते, आणि ओव्हनवरचं कुणालाच जमत नाही म्हणून सोडून देते. ते बिचारं सहा महिने खरं बोलतं आणि सहा महिने खोटं. यंदाही मी सवयीने सहाला उठले, तर पाच वाजले होते. एक तास फुकटचा पदरात पडला. आता या वयात फुकटच्या तासाचं माणसाने करायचं काय? चहा टाकला, कप घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसले, आणि तो वास आला.

वास नीट सांगता येत नाही. वाळल्या पानांचा थोडा, शेजारच्या धुराड्यातून येणाऱ्या लाकडाच्या धुराचा थोडा, आणि महिनोन्महिने तापलेल्या मातीवर पडलेल्या दवाचा. ॲडलेडचा उन्हाळा म्हणजे भट्टी असते, ती विझली की असा वास सुटतो. आपल्याकडे चैत्रात पालवी फुटते, इथे चैत्रात पानं गळतात. पहिल्या वर्षी मी गुढी उभारली आणि समोरच्या झाडाने लाल पानांचा सडा घातला, तेव्हा मला फार चुकल्यासारखं झालं होतं. ह्यांना म्हटलं, अहो, आपण कुठे आलोय ते देवाला कळलं असेल ना? तर म्हणाले, डेपो बदलला तरी गाडी तीच असते.

आमच्या ह्यांची सगळी उत्तरं डेपोतून येतात. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण, मध्ये कुंभार्ली घाट. धुक्यात, पावसात, दरड कोसळलेली असताना, गणपतीच्या गर्दीत, पण गाडीला कधी ओरखडा नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही, गाडीत बसलेली प्रवासी म्हणून सांगते. माहेरी जायला मला तीच गाडी होती. तिकीट काढून जायचे. ड्रायव्हरची बायको म्हणून कंडक्टरने कधी एक रुपया सोडला नाही, आणि ह्यांनी कधी मान वळवून बघितलं नाही की बायको चढली का राहिली.

ही मान लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरच सगळं आहे.

तर तो वास आला की मला तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल आठवतो, आणि नदी आठवते. नदीचं नाव मरे. असं नाव कुणी ठेवतं का, पण ठेवलंय. खरं म्हणजे आमच्या सुनेला, ऋचाला, इंग्लंडला जायचं होतं. तिने टीव्हीवर पाहिलं होतं, तिकडे खेड्यापाड्यांतून जुने कालवे आहेत आणि त्यांवर लांबुडक्या, चिंचोळ्या बोटी चालतात. माणसं चालायच्या वेगाने जातात, काठावरच्या गाई बघतात, चहा पितात, पुन्हा गाई बघतात. तिने मला दाखवलं. मी म्हटलं, अगं ही तर एसटीच आहे. लांब, अरुंद, मधून जायची वाट, दोन्हीकडे खिडक्या. फक्त उलटी करणारं कुणी दिसत नाही. पण पाच माणसांनी इंग्लंडला जायचं म्हणजे विमानाचं भाडं ऐकूनच गाई नकोशा होतात. मग मुलाने, अमोलने, तोडगा काढला. कालवा नाही तर नदी, इंग्लंड नाही तर मॉर्गन. घरापासून दोन तासांवर हाउसबोट भाड्याने मिळते, ईस्टरला चार दिवस घेऊ.

आता अमोलच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. त्याला बापाला खूश करायचं होतं, कारण त्याआधी त्याने बापाला दुखावलं होतं.

झालं होतं असं, की इथे कायमचं राहायला आलं की आपलं भारतातलं लायसन्स तीन महिन्यांनी चालत नाही, नवी परीक्षा द्यावी लागते. हे हसले. कुंभार्ली चढवलेल्या माणसाला ॲडलेडच्या मॉसन लेक्समध्ये परीक्षा? इथे चढ म्हणाल तर स्पीड ब्रेकरचा. पहिल्या परीक्षेला इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि नापास होऊन आले. गाडी चांगली चालवली, परीक्षा घेणाऱ्या बाईंनीही कबूल केलं, पण त्या म्हणाल्या की तुम्ही एकदाही खांद्यावरून मागे बघितलं नाही. इथे त्याला हेड चेक म्हणतात. निघताना, वळताना, लेन बदलताना आरशात बघून भागत नाही, मान वळवून बघावंच लागतं. दुसऱ्या परीक्षेआधी अमोलने त्यांना घराच्या दारात महिनाभर मान वळवायला शिकवलं. दारात वळायची. परीक्षेत पुन्हा नाही वळली.

मी विचारलं, अहो, एवढं काय अवघड आहे त्यात? मग जेवताना एकदम म्हणाले, "पुढचा रस्ता ड्रायव्हरचा, मागची माणसं कंडक्टरची. मागे बघणं म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं सांगणं."

घ्या. आता हे त्या परीक्षेच्या बाईंना इंग्रजीतून कोण समजावणार.

अमोल त्या दिवशी ऑफिसमधून दमून आला होता. तो म्हणाला, नाना, राहू द्या आता, बस आहे, टॅक्सी आहे, मी आहे. तिसरी परीक्षा बुक केलेली होती, ती कॅन्सल करू म्हणाला. तो प्रेमानेच बोलला हो. पण हे त्यानंतर दोन महिने खिडकीत बसून होते. समोरच्या बसस्टॉपवर येणाऱ्या बसेस बघायचे. एखादी दोन मिनिटं उशिरा आली की घड्याळाकडे बघून मान हलवायचे. हलवायला मान बरोबर हलायची. गाडीशिवाय बसलेले हे मला बघवत नव्हते. लग्न झालं तेव्हा मला सांगितलं होतं मुलगा ड्रायव्हर आहे. मुलगा आणि ड्रायव्हर वेगळे करून दाखवायची वेळ कुणावर आली नव्हती.

मॉर्गनला बोट द्यायला एक अर्ध्या चड्डीतला माणूस होता. त्याने तासभर शिकवणी घेतली. बोटीसाठी वेगळं लायसन्स लागत नाही म्हणाला, मोटारीचं चालतं. म्हणजे पाणी असो की रस्ता, ह्यांच्या नशिबी तेच. पण पुढे म्हणाला, लायसन्सवाला शेजारी उभा असेल तर चाक कुणीही धरलं तरी नो वरीज. ह्यांचे इंग्रजी कान एरवी अर्धे बंद असतात, हे वाक्य मात्र पूर्ण आत गेलं.

बोट म्हणजे एक घरच होतं, तराफ्यावर ठेवलेलं. पुढे काचेमागे चाक, मग स्वयंपाकघर, मग खोल्या, मागे छोटासा ओटा. पुढून मागेपर्यंत सरळ एक वाट. वेग तासाला आठ किलोमीटर. हे म्हणाले, ब्रेकडाऊन झाल्यावर आमचे पॅसेंजर याहून जोरात ढकलायचे. चाक फिरवलं की बोट लगेच वळत नाही, जरा विचार करते आणि मग आपल्या सवडीने वळते. मला ती पहिल्या तासातच ओळखीची वाटायला लागली. पन्नास वर्षं अशाच माणसाबरोबर काढली आहेत.

पहिल्या दिवशी अमोलने चालवली. नदी सरळ होती पण आम्ही नागमोडी गेलो. हे शेजारी खुर्चीत बसलेले, आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता. दोन्ही काठांना पिवळे कडे, सुरीने कापलेल्या बेसनाच्या वडीसारखे सरळ. त्यांच्या बिळांतून पांढरे काकाकुवे हजारांनी बाहेर पडायचे आणि अशी आरडाओरड करायचे, की कराडच्या भाजी मंडईत कुणीतरी भाव पाडलाय असं वाटावं. पेलिकन मात्र शांत. पाण्यातून आलेल्या वाळक्या फांदीवर, पोट पुढे काढून, निवृत्त मामलेदारासारखे बसलेले. मधे एक फेरी लागली, दोरावर चालणारी, या काठाच्या गाड्या त्या काठाला नेऊन सोडणारी. तिला आधी जाऊ द्यायचं असा नियम. तो फेरीवाला दिवसभर एवढंच करतो, पलीकडे आणि अलीकडे. ह्यांनी त्याला हात केला. त्यानेही केला. ड्रायव्हर ड्रायव्हरला जसा करतो तसा, दोन बोटं वर. ह्यांच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांनी मी काहीतरी हललेलं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे खोलीतून बाहेर आले ते खाकी शर्ट घालून. कुणाला न सांगता बॅगेच्या तळाशी घालून आणला होता. अमोल बघतच राहिला, मग बाजूला सरकला. ह्यांनी चाकाला हात लावून कपाळाला लावला, इंजिन सुरू केलं आणि बसून राहिले. आम्ही सगळे वाट बघतोय. अमोल म्हणाला, नाना, चला. हे समोर बघत म्हणाले, "बेल कुठाय?"

म्हणून मग मी कंडक्टर झाले. मुद्दाम नाही झाले, स्टीलचं ताट आणि डाव माझ्याच हातात होता म्हणून झाले. टण् एकदा म्हणजे थांबा. टण्-टण् म्हणजे चला. आणि टण्-टण् द्यायच्या आधी डोकी मोजायची, हे त्यांनी मला बजावून सांगितलं. हे, मी, अमोल, ऋचा, ईशा. पाच. नात ईशा तेव्हा नऊ वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, "आजी, धिस इज सो रँडम." पण दुपारपर्यंत तीच तिकिटं फाडायला लागली होती.

आणि काय सांगू, बोट सुतासारखी सरळ चालली. ह्यांनी तिचा विचार करायचा वेळ हिशेबात धरला होता. वळण यायच्या आधीच चाक फिरवायचे आणि मग शांत बसायचे, बोट वळण आल्यावर आपसूक वळायची. अमोल शेजारी लायसन्स खिशात घेऊन उभा. त्याला करायला काहीच नव्हतं. मी मागून ओरडायचे, "येऊ द्या, येऊ द्या, बस," आणि ते काठाला लावायचे, मागे न बघता.

तिसऱ्या दिवशी लॉक लागलं. नदीवर बंधारा आहे, वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळ्या उंचीवर, मग बोटी उतरवायला एक मोठं खोकं बांधलंय. आपण आत जायचं. मागचं दार बंद होतं. पुढचंही बंदच. मग पाणी हळूहळू उतरतं, आपण भिंतीचा दोर धरून उभे, भिंत ओली होत वर वर जाते, आवाज नाही काही नाही. मला तिथे एकदम आमची इथली पहिली वर्षं आठवली. कराडच्या घराला कुलूप घालून आलो, ते मागचं दार. आणि पुढचं उघडतंय की नाही ते कळत नाही, दोर धरून उभे आहोत. दार उघडलं तेव्हा हे म्हणाले, टोल घेतला नाही. बास, त्यांना त्या सगळ्यात एवढंच दिसलं. कराडचं घर, माझी आंब्याची बरणी, शेजारची कमल, दारातलं जास्वंद, हे सगळं मागे बघायचं खातं माझ्याकडे. पुढचा रस्ता त्यांचा. आमच्या संसारात ही वाटणी कुणी केली नव्हती, ती होतीच.

त्या संध्याकाळी ऊन उतरायच्या आत आम्ही एका वाकड्या गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडाला बोट बांधली. शेजारी एक जुनी, रंग उडालेली बोट होती, आणि तिच्यात बॅरी नावाचे एक म्हातारे एकटेच राहत होते. ते नदीतल्या यॅबी घेऊन आले, झिंग्यासारख्या असतात, बादलीत वळवळत होत्या. मी हात जोडून सांगितलं की आम्ही खात नाही. ते परत गेले आणि लिंबं घेऊन आले. मी डब्यात चिवडा दिला. इथवर सगळं सुरळीत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं. अमोलने दोन्ही दोर सोडून बोटीवर टाकले. आता बोट नुसती चिखलात नाक खुपसून उभी. तेवढ्यात त्याच्या फोनवर ऑफिसचं काहीतरी आलं. सुट्टी असली तरी त्याचं ऑफिस सुट्टीवर नसतं. बोटीवर रेंज धड नव्हती, म्हणून तो लॅपटॉप घेऊन काठावर चढाला गेला. दोन मिनिटं म्हणून सांगितलं म्हणे. कुणाला सांगितलं ते अजून सापडलेलं नाही.

मी थालीपिठं लावत होते. हे खाकी शर्टात चाकावर. म्हणाले, "कंडक्टर, उशीर होतोय." मी ताट घेतलं आणि नियमाप्रमाणे डोकी मोजली. हे एक. ईशा पलंगावर टॅब्लेट घेऊन, दोन. बाथरूममध्ये पाणी वाजतंय, म्हणजे ऋचा, तीन. मागच्या ओट्यावर रुंद काठाची हॅट घालून पाठमोरा बसलेला, थालीपीठ खातोय, चार. आणि मी पाच. पुन्हा मोजली, कारण मी कामाला पक्की आहे. पाच. दिली डबल बेल. खिडकीतून डोकं काढून येऊ द्या, येऊ द्या म्हटलं, बोट मागे आली, वळली, आणि आम्ही निघालो.

काठ सरकायला लागला. मी चहा गाळला, कप घेऊन मागे गेले आणि म्हटलं, अमोल, घे.

हॅटने मान वळवली. बॅरी होते. चिवड्याचा डबा परत द्यायला आले होते, ईशाने बसा म्हटलं, थालीपीठ दिलं. अमोलनेही तसलीच हॅट मॉर्गनच्या दुकानातून घेतली होती. ती हॅट त्या नदीवर सगळेच घालतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आकडा बरोबर होता. माणूस चुकला होता.

बॅरींनी कप घेतला, थँक्यू म्हणाले, आणि फार अदबीने विचारलं की आपण कुठे निघालोय का? बोट हलल्याचं त्यांना कळलं होतं, पण त्यांना वाटलं आमच्यात पाहुण्याला फिरवून आणायची पद्धत असेल.

मी ताट बडवलं. टण्. हे पुढून म्हणाले, इथे स्टॉप नाही. मी ओरडले, अहो अमोल काठावर राहिला. इंजिनचा आवाज बसला. मग सगळं एकदम सुरू झालं. ऋचा डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, ईशा म्हणाली डॅडला आपण विसरलो, ऑसम, आणि ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मुलगा राहिला म्हणून थोडा, पण जास्त कारण वेगळं होतं. लायसन्सवाला बोटीवर नव्हता. एकतीस वर्षांत एक चलान नसलेला माणूस परमुलखात विनापरवाना बोट हाकत होता. त्यांनी चाकावरून हात काढून वर धरले, पोलिसांनी पकडल्यासारखे.

बॅरींनी खिशातून पाकीट काढलं, त्यातून लायसन्स काढलं, आणि चाकाशेजारी टेबलावर ठेवलं. म्हणाले, "आता मी इन्चार्ज. कॅरी ऑन, मेट." आणि खुर्ची ओढून उरलेलं थालीपीठ खायला लागले.

लांब काठावर अमोल ठिपक्याएवढा दिसत होता. झाडाच्या बुंध्यावर लॅपटॉप, कानाला ते मोठं यंत्र, पाठ नदीकडे. तो मीटिंगमध्ये बोलत होता. त्याचं सगळं कुटुंब पाण्यावरून चाललं होतं आणि तो कुणाला तरी विचारत होता, माझी स्क्रीन दिसतेय का.

बॅरी म्हणाले, गोल वळवून घ्या, नदी रुंद आहे. पण ह्यांना घाटाची सवय. घाटात गाडी वळवत नाहीत, मागे घेतात. ह्यांनी रिव्हर्स टाकला. म्हणाले, मागचं तू बघ. मी मागच्या ओट्यावर गेले, ताट हातात घेतलं, आणि डाव वर उचललेलाच राहिला. कारण मागचं मीच तर बघितलं होतं. दोनदा मोजून बघितलं होतं, आणि पोटचा पोर काठावर ठेवून आले होते. मी म्हटलं, "अहो, माझ्यावर नका राहू. तुम्हीच बघा."

आणि त्यांनी मान वळवली.

मी सांगितलं ना, बोटीत पुढून मागेपर्यंत सरळ वाट होती. दारं सगळी उघडी. ते चाकावरून खांद्यावर मान टाकून मागे बघत होते, आणि त्या वाटेत आम्ही सगळे उभे. बॅरी थालीपीठ घेऊन, ऋचा टॉवेलात, ईशा तिच्या तिकिटांच्या कागदासकट, टोकाला मी, आणि माझ्या मागे पाणी, आणि पाण्यापलीकडे अमोल. एकतीस वर्षं त्यांनी गाडी चालवली, पण आपल्या गाडीत माणसं कशी दिसतात ते त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बोट उलटी, प्रवाहाबरोबर, हळूहळू, एकाही फांदीला न लागता मागे येत होती, आणि मान जी वळलेली होती ती वळलेलीच. बॅरी एवढंच म्हणाले, यापूर्वी असं कुणाला करताना बघितलं नाही, आणि पुढेही बघणार नाही बहुतेक.

अमोलला कळलं ते उशिरा, आणि ऑफिसकडून कळलं. त्याच्या कॅमेऱ्यात त्याच्या पाठीमागून एक अख्खं घर उलटं येताना दिसत होतं आणि त्या घराच्या ओट्यावर एक बाई ताट घेऊन उभी होती. त्याच्या साहेबाने विचारलं, तुझ्या मागे काय चाललंय? अमोलने वळून बघितलं. मग म्हणाला, माझी फॅमिली आहे, आणि लॅपटॉप बंद केला.

गुडघाभर चिखलातून तो बोटीवर चढला. माझ्यावर चिडला, बापावर चिडला, हॅटवरही चिडला. बापाला म्हणाला, हे धोक्याचं आहे नाना, नदीचं सोडा, रस्त्यावर कुणी मागे राहिलं असतं तर? मी टेस्ट आजच्या आज कॅन्सल करतो. हे ऐकून घेत होते. खाकी शर्टाची बाही खाली करून बटण लावत होते. खरी गुन्हेगार तर मी. बॅरींना त्यांच्या बोटीशी सोडलं. ते उतरताना ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "नाइस रिव्हर्सिंग, स्किपर."

दुपारभर अमोल स्वतः चालवत होता, पुन्हा नागमोडी. पेलिकन बघत होते. काकाकुवे त्या दिवशी बेतानेच ओरडले असं मला आपलं वाटलं. लॉकमधून वर चढलो तेव्हा त्या ओल्या भिंतीकडे बघत, दोर धरून, बाप आणि लेक शेजारी शेजारी उभे होते. पुढचं दार उघडायची वाट बघत. तेव्हा अमोल हळूच म्हणाला, "नाना, मान वळते की तुमची."

हे म्हणाले, "तू राहिला होतास ना."

दार उघडलं. तो चाकाजवळ गेला, आणि मग तिथून बाजूला सरकला. टेस्ट कॅन्सल केली नाही, हे त्याने मला सांगितलं नाही, मला परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं, ह्यांनी इस्त्री मागितली तेव्हा.

परीक्षेला मी बरोबर गेले. गाडीत बसू देत नाहीत, म्हणून फुटपाथवर उभी राहिले, हातात डबा, कारण हे पास होवोत की नापास, भूक लागणार होतीच. त्याच बाई होत्या. गाडीत बसल्यावर ह्यांनी आरसा बघितला, मग डाव्या खांद्यावरून बघितलं, उजव्या खांद्यावरून बघितलं, पुन्हा डाव्या, गावी निघालेला माणूस गल्लीतल्या एकेकाचा निरोप घेतो तसं. मला एवढा आनंद झाला. बाई निघा म्हणाल्या असाव्यात. गाडी हलेना. इंजिन चालू आहे, दिवा लुकलुकतोय, रस्ता रिकामा, गाडी तिथेच. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी खाली वाकून काचेतून बघितलं, तर हे माझ्याकडेच बघत होते.

मी डब्याच्या झाकणावर अंगठीने दोनदा वाजवलं.

गाडी निघाली. पाऊण तासाने आले ते पास होऊन. बाईंनी कागदावर लिहिलं होतं, निघायला जरा वेळ लावतात, बाकी उत्तम.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. आता हे ईशाला शाळेत सोडतात, मला भाजीला नेतात, देवळात नेतात, आणि कुणी विचारलं नाही तरी मागे घेऊन दाखवतात. येत्या गुरुवारी आम्ही पुन्हा मॉर्गनला निघतोय. बॅरींनी कळवलंय की थालीपीठ चालेल, पण या वेळी ते हॅट काढून बसतील. मी आता डोकी मोजत नाही, नावं घेते. अमोल, अशी हाक मारली की बेचाळीस वर्षांचा बाप्या "आहे गं आई" म्हणतो, तेव्हाच ताट वाजतं.

आणि रोज सकाळी आम्ही दोघंच गाडीत असलो तरी तेच. पट्टा लावतात, आरसा बघतात, मान वळवून मागे बघतात आणि थांबतात. समोरच्या घरातल्या बाईंना वाटतं आमच्या गाडीची बॅटरी खराब आहे. इतकी वर्षं मी समजत होते की डबल बेल म्हणजे चला. तसं नाही ते. ते म्हणजे, मागचे सगळे आले, कुणी राहिलं नाही. आता सगळे कुठे आलेत. कराडला कमल राहिली, जास्वंद राहिलं, कुलपाआडची बरणी राहिली. ते मला माहीत आहे, आणि हल्ली मान वळवतात तेव्हा ह्यांनाही दिसत असावं, कारण जरा जास्तच वेळ बघतात. मी बघू देते. मग दारावर दोनदा वाजवते, आणि आम्ही भाजीला जातो.